माउंटन न्याला नेमके किती उरलेत आणि त्यांना कसली जागा लागते? फोटोंत तर कळपच्या कळप दिसतात, मग दुर्मिळ कसे?

माउंटन न्याला म्हणजे डोंगरात राहणारा, हरणासारखा मोठा प्राणी. आकडा आधी सांगून टाकतो, ज्यांना तेवढाच हवाय ते मोकळे होतील. सध्याचे अंदाज साधारण १,५०० ते ४,००० च्या मध्ये कुठेतरी आहेत, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत एन्डेंजर्ड, म्हणजे धोक्यात. १९६० च्या दशकात निसर्ग-अभ्यासक लेस्ली ब्राउन यांनी ७-८ हजारांचा अंदाज बांधला होता. आणि हे सगळे जगात फक्त इथिओपियात, तेही रिफ्ट व्हॅलीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत. दक्षिण आफ्रिकेतल्या सफारीच्या व्हिडिओत दिसतो तो न्याला वेगळा प्राणी आहे, कृपया तो इथे आणू नका.

आता तुमचं ते 'फोटोंत तर कळपच्या कळप'. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी इथिओपियातल्या बाले या डोंगराळ भागात एका युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवायला होतो, आपल्याकडचे बरेच मास्तर तेव्हा तिकडे होते. आमच्यात एक सीनियर सर होते, विषय इकॉनॉमिक्स. एका रविवारी आम्ही काही जण रोबे शहरातून मिनीबसने दिन्शो गावाला गेलो, बाले माउंटन्स नॅशनल पार्कचं ऑफिस तिथेच आहे. जवळच गायसेचं गवताळ मैदान आहे, अगदी रस्त्याला लागून, आणि उन्हं कलली की न्याला झाडीतून बाहेर येतात. त्या दिवशी तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला होते, माद्या, पिल्लं, आणि मधेच एखादा मोठा नर, शिंगं पिळदार, डोळ्यांच्या मधे पांढरा पट्टा, वजन दोन-अडीचशे किलो सहज. मी बघत बसलो आणि सर मोजत बसले, मोठ्यांदा. पन्नास ओलांडल्यावर थांबले आणि म्हणाले, "हे धोक्यात? अहो, शेरडं चरावीत तसे चरतायत." मी म्हटलं सर, तुम्ही मोजताय ती जगातली सगळ्यात सोपी जागा आहे. तर म्हणतात, "स्टॅटिस्टिक्स शिकवता आणि डोळ्यांना दिसतंय ते धरत नाही? कमाल आहे!" गाडीतले सगळे हसले. रूमवर आल्यावर परत तोच विषय, जेवताना परत तोच, आणि मग पुढे सेमिस्टरभर स्टाफरूममध्ये मी दिसलो की "काय, न्याला किती झाले?"

सरांना जे कळून घ्यायचं नव्हतं ते असं आहे. गायसेत गवत उघडं आहे, गार्ड आहेत, म्हणून तिथे न्याला जमतात आणि माणसाला बुजतही नाहीत. त्यांची तिथली गर्दी ही बाकी ठिकाणी जागा उरली नाही याचीही खूण असू शकते. आर्सी या शेजारच्या भागात चिलालो, गलामा, काका या डोंगरांत हाच प्राणी आहे, तिथे दिवसभर चाललात तरी लेंड्या आणि खुरांचे ठसेच दिसायची शक्यता जास्त. सोप्या जागेवरची गर्दी घ्यायची आणि नकाशावरच्या सगळ्या हिरव्या भागाला गुणायची, हे फर्स्ट इयरच्या पोरानं केलं तरी मी मार्क कापेन. आणि तोच कळप सकाळी मोजायचा, संध्याकाळी परत मोजायचा आणि बेरीज करायची, हेसुद्धा लोक करतात.

जागेचं म्हणाल तर त्याला नुसतं गवत पुरत नाही, दिवसा लपायला दाट झाडी लागते आणि पहाटे-संध्याकाळी चरायला त्याच झाडीच्या कडेला उघडी जागा. उंची साधारण ३,००० मीटर आणि वर, कोसो, जुनिपर, हायपेरिकमचं जंगल, त्याच्या वर एरिकाची झुडपं. गवतापेक्षा पाला-झुडपं जास्त खातो. आता गंमत बघा, त्याच उंचीवर बार्लीही येते आणि गुरंही चरतात. खालून शेतं वर सरकतात, सरपणासाठी झाडं जातात, नवा चारा यावा म्हणून एरिकाला आग लावतात, आणि गुराख्यांची कुत्री मागे लागतात ते वेगळंच. झाडी गेली की शेजारी कितीही गवत असू दे, न्याला टिकत नाही.

आणि गायसेसुद्धा कायम अशी नव्हती. १९९१ मध्ये तिथलं दर्ग हे लष्करी सरकार पडलं, त्या गोंधळात उद्यानाचा बंदोबस्त कोलमडला, बेसुमार शिकार झाली आणि उद्यानाच्या उत्तरेकडचे, म्हणजे गायसेकडचेच, न्याला झपाट्याने कमी झाले. नंतर राखण बसली तसे परत वाढले. म्हणजे सरांना दिसलेला कळप हा गार्डांच्या पगाराचा परिणाम होता, हे इकॉनॉमिक्सच्या माणसाला तरी कळायला हवं होतं. तिथल्या दहा सांतिमच्या (आपल्या दहा पैशांसारख्या) नाण्यावर न्यालाचंच चित्र आहे, पण त्या नाण्याला बाजारात कोणी विचारत नाही, जाऊ दे.

ट्रॉफी हंटिंगबद्दल कोणी कमेंटमध्ये विचारेलच. परदेशी शिकारी नर मारायला मोठी रक्कम देतात हे मला अजिबात आवडत नाही, पण शिकारीसाठी राखलेल्या काही ब्लॉकमध्ये जंगल टिकलंय आणि तिथे न्याला आहेत, हे नाकारून बोलणारे मला त्याहून आवडत नाहीत.

एक सांगायचं राहिलं, मी वन्यजीवांचा तज्ज्ञ नाही आणि तिथून परत येऊनही आता बरीच वर्षं झाली. २०२३ मध्ये बाले पार्क युनेस्कोच्या वर्ल्ड हेरिटेज यादीत आलं, त्याने जमिनीवर काय फरक पडला हे तिथे राहणाऱ्यालाच विचारा.

तुम्ही जाणार असाल तर दिन्शोत एक संध्याकाळ बसा, मजा येईल, पण तिथून फोटो काढून 'भरपूर आहेत' असं लिहू नका. ज्यांना लिहायचंच आहे त्यांनी आधी एक दिवस आर्सीच्या कुठल्याही डोंगरावर काढावा. आमच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर सर अजूनही गायसेचा तोच फोटो दरवर्षी टाकतात, खाली हसणारी इमोजी. मी दरवेळी विचारतो, चिलालोला गेला होता का? उत्तर अजून आलेलं नाही.