सूचना काढा, बेसिन हलवा

ताई, वसतिगृहातली एकोणीस-वीस वर्षांची पोरं जेवणाआधी हात धूत नाहीत, तीनदा सूचना लावली, डॉक्टरांना बोलावून व्याख्यान ठेवलं, तरी फरक शून्य, असं तुम्ही लिहिलंय. वाचून हसू आलं. पुण्यात अकरा वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो, हे सगळं भोगलंय.

आधी ती सूचना काढून टाका. हात का धुवायचे हे त्यांना पाठ आहे. आमच्याकडची निम्मी पोरं तर मायक्रोबायॉलॉजीची होती. त्यापेक्षा एकदा जेवणाच्या वेळी बेसिनपाशी नुसत्या उभ्या राहून बघा. आमच्याकडे जेवणाआधी उजव्या हाताची चार बोटं नळाखाली ओली करायची आणि पँटला पुसायची, झालं. अंगठा कोरडाच. जेवण झालं की मात्र हीच पोरं रश्श्याचं तेल आणि हळद जाईपर्यंत साबण घासत उभी. म्हणजे आळस नाही. हाताला काही लागलेलं दिसलं तर धुतात, दिसलं नाही तर हात स्वच्छच!

दुसरं, आमचं बेसिन बाहेर पडायच्या दाराशी होतं. आत आलेला पोरगा ताट उचलून थेट रांगेत. हात धुवायला गेला तर नंबर गेला, आणि रविवारी मटण असताना कोण नंबर सोडेल? प्लंबर बोलावून ताटांच्या मांडणीच्या अलीकडे दोन नळ काढून घेतले. माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या दोन नळांनी जास्त काम केलं.

साबणाची वडी दोन दिवसांत गायब व्हायची. मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधली, गावाकडच्या शाळेत बांधतात तशी. पोरं हसली, पण वडी टिकली.

घाबरवून काय होतं तेही सांगतो. एका पावसाळ्यात चौघांना कावीळ झाली. पाण्यातून आली की हातांतून, कोण जाणे. दोन आठवडे सगळे शहाण्यासारखे हात धूत होते, पुढे येरे माझ्या मागल्या. किळस मात्र टिकते. आमच्याकडे चपात्यांची एकच चळत, जो तो आपल्या हाताने घेणार. क्रिकेट संघाच्या कॅप्टनला एवढंच विचारलं, "तुझ्याआधी या चळतीत कोणाकोणाचा हात गेलाय रे?" त्यानंतर मला बोलावंच लागलं नाही. न धुता कोणी हात घातला की तोच ओरडायचा.

हा काही माझा शोध नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या महामार्गावरच्या स्वच्छतागृहांत वेगवेगळे संदेश दाखवून पाहिले होते. 'तुमच्या शेजारचा साबणाने हात धुतोय का?' हा प्रश्न चांगलाच लागू पडला, आणि पुरुषांना माहितीपेक्षा किळस जास्त लागली. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातल्या गावांत 'सुपरअम्मा' नावाचा प्रयोग झाला. त्यात जंतूंवर भर नव्हता, आईची माया, किळस आणि चारचौघांतली रीत यांवर होता. सहा महिन्यांनी तिथे मोक्याच्या वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण 37 टक्के निघालं, प्रयोग न केलेल्या गावांत 6. शंभर टक्क्यांचा ध्यास तुम्हीही धरू नका.

कोणी सॅनिटायझरची बाटली दाखवली तर बसमध्ये चालेल म्हणा. पण हात मळके-तेलकट असले की त्याचा जोर कमी पडतो, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसपुढे साबण-पाणीच बरं. वीस सेकंद चोळा असं सांगतात ते खरंच आहे, पण या वयाच्या पोरांना मोजायला लावलंत तर ती मुद्दाम एकोणीस मोजतील. अंगठा आणि नखं तेवढी सांगा.

मोबाइलचं मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही. हात स्वच्छ धुवायचे आणि ताट येईपर्यंत स्क्रीनवर बोटं फिरवत बसायचं. टेबलांवर मोबाइलसाठी टोपल्या ठेवून पाहिल्या, त्यांत लिंबाच्या साली जमल्या. कोणाला जमलं असेल तर मलाही सांगा.

आणि ताई, तुमचं बेसिन नेमकं कुठे आहे ते आधी लिहा. बाकीचं त्यावर ठरेल.