इंग्रजीत 'एस'च्या आधी अपॉस्ट्रॉफी कधी द्यायचा?

तुम्ही विचारलंय की दुकानाच्या पाटीवर 'सँडविचेस', 'ज्यूसेस' लिहिताना अपॉस्ट्रॉफी (म्हणजे अक्षराच्या वरच्या बाजूला येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह, ’) लागतो का. नाही लागत. नुसत्या अनेकवचनाला तो कधीच देऊ नका; मुंबईत पाट्यांवर हीच चूक मला सर्वांत जास्त दिसते आणि खरंच खटकते.

मराठीत जिथे चा-ची-चे येतं, तिथे तो बहुधा लागतो. सेंट झेवियर्स कॉलेज म्हणजे झेवियरचं कॉलेज. संत एकच, म्हणून चिन्ह 'एस'च्या आधी. लोकलची लेडीज स्पेशल बघा. ती अनेक बायकांची गाडी, 'लेडीज'मध्ये अनेकवचनाचा 'एस' आधीच आहे, म्हणून व्याकरणाने चिन्ह त्याच्या नंतर. पण 'चिल्ड्रन'च्या शेवटी 'एस' नाही, तिथे पुन्हा चिन्ह आधी, मग 'एस'.

गाळलेल्या अक्षराच्या जागीही तो येतो: 'डू नॉट'चं 'डोन्ट'.

खरी फसगत 'इट्स'ची. तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा. अर्थ लागला तर चिन्ह द्या. 'त्याचा' असा अर्थ असेल तर नको, जसं 'हिज', 'हर्स'ला नसतं. इथे चा-ची-चेची युक्ती चालत नाही, एवढं मात्र पाठच करा.