आठ वर्षं उभी असलेली वडिलांची बुलेट सुरू केली, इंजिनातून टकटक येतेय. मेकॅनिक म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. खरंच लागेल का?

लगेच उतरवू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकने दोन मिनिटं आवाज ऐकला आणि 'बिग एन्ड गेला' म्हणून सांगितलं, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) जोडणारं खालचं बेअरिंग. सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी अक्षरशः हेच वाक्य ऐकलंय. त्यावरून माझं आणि दादाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अण्णांची, आमच्या वडिलांची, गाडी म्हणजे जुनी कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट 350. बोअर 70, स्ट्रोक 90, एकूण 346 सीसी. टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारे छोटे दांडे) कसे सेट करायचे ते अण्णांनी मला शिकवलं होतं, दादाला नाही. दादाला चालवायची हौस होती, हात काळे करायची नव्हती. अण्णा गेले आणि गाडी घरामागच्या शेडमध्ये लागली ती नऊ वर्षं.

त्यातली पहिली चार वर्षं दादा दर रविवारी ती सुरू करायचा. चोक, दोन किका, तीन मिनिटं डुगडुग, की बंद. अण्णांच्या आठवणीने करायचा, मनापासून करायचा, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मी तेव्हाही सांगत होते की अरे, एक तर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आण, नाहीतर हात लावू नकोस. त्याचं म्हणणं, इंजिन फिरतं राहिलं की जाम होत नाही. पुढे त्याची बदली झाली आणि पाच वर्षं तिला कुणीच हात लावला नाही.

मग एका सुट्टीत आम्ही दोघांनी ती बाहेर काढली. टाकी आणि कार्ब्युरेटर साफ करणं, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडणं, हे तुम्हीही केलं असेल. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तेल पंपातून झिरपत फ्लायव्हीलच्या बाजूला उतरतं. ते काढल्याशिवाय किक मारली तर किक जड लागते, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेल उडतं आणि धुराने शेजारपाजार गोळा होतो. आम्ही ते काढलं. बाहेर आलेलं तेल कॉफीसारखं होतं. फिलरचं झाकण उघडलं तर आतून पिवळट साय, तेलात पाणी मिसळल्याची खूण. मी तेव्हाच दादाकडे बघितलं.

चौथ्या किकला गाडी सुरू झाली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. आणि मिनिटभरात आवाज सुरू झाला, टक् टक् टक्.

दादाने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. तो गाडीपासून तीन हात लांब उभा राहिला, थ्रॉटल दोनदा पिळला आणि माझ्याकडे न बघता दादाला म्हणाला, "बिग एन्ड. पूर्ण इंजिन उतरवू, क्रँक नवीन." दादा हो म्हणून मोकळा. मी म्हटलं, मला एक आठवडा दे, तोपर्यंत इंजिनाला पाना लागणार नाही.

मी काय केलं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पहिली गोष्ट, आवाज मोजला. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि सायलेन्सरचा 'डुग'सुद्धा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच येतो. गाडी स्लोवर ठेवायची आणि कान द्यायचा. प्रत्येक डुगला एकच टक् येत असेल तर दोष बहुतेक वर, व्हॉल्व्ह, पुशरॉड (टॅपेटचा धक्का वर नेणारी काठी), टॅपेटच्या रांगेत असतो. डुगला दोन टक् असतील तर खाली बघायचं, पिस्टन किंवा क्रँककडे. आमच्या गाडीला एकच होता. एवढ्यावरूनच मेकॅनिकचं निदान डळमळीत झालं होतं.

मग लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. हेडवर, सिलिंडरवर, डावीकडे चेनकेसवर, उजवीकडे टायमिंग कव्हरवर, असं एकेक ठिकाण ऐकलं. सगळ्यात मोठा आवाज उजव्या बाजूला, टॅपेटच्या झाकणाशी. डावीकडे जवळजवळ काहीच नाही. क्लच दाबून पाहिला, फरक नाही. म्हणजे क्लचवरचा संशयही गेला. बिग एन्डचा आवाज असा नसतोच. तो खोल असतो, हातोडा गुंडाळून मारल्यासारखा, आणि गाडीवर जोर आला की वाढतो. पिस्टनचा थंडीत खडखडतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. प्रायमरी चेन, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणारी, ढिली असेल तर स्लोवर आवाजाला ताल नसतो.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं आणि सकाळी टॅपेटचं झाकण काढलं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला. या गाडीत पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इनटेकचा बरोबर होता. एक्सॉस्टचा चक्क खुळखुळत होता. सेट केला, आवाज गेला. दादा गप्प. पण दहा मिनिटं चालवली आणि टक् टक् परत.

इथे मेकॅनिक म्हणाला, "बघा, सांगितलं होतं." मी म्हटलं, सेट केलेली गॅप दहा मिनिटांत उघडते म्हणजे काहीतरी झिजतंय, आणि ते याच रांगेत आहे, क्रँकमध्ये नाही. टायमिंग कव्हर काढलं, कॅम बाहेर घेतला. एक्सॉस्टच्या टॅपेटचा तळ गंजाने खड्डे पडून खडबडीत झालेला, कॅमच्या उंचवट्यावरही तसेच खड्डे. बाकी सगळं चकचकीत. कॅम आणि टॅपेट नवीन टाकले, तेल बदललं, आवाज बंद. क्रँक आजतागायत उघडलेला नाही.

तो गंज आला कुठून? माझ्या मते रविवारच्या त्या तीन मिनिटांतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन तापलेलं असेल तर बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते आणि तेलात उतरलेली थोडीफारही उडून जाते. थंड लोखंडात मात्र ती रिंगांच्या कडेने खाली येते आणि तिथेच पाणी होऊन बसते. तीन मिनिटांत तेल कोमटही होत नाही. दर रविवारी आम्ही इंजिनात थोडं पाणी भरत होतो आणि झाकण लावत होतो. त्यात गाडी जिथे बंद पडेल तिथे सोडायची. एक्सॉस्ट उघडा असताना इंजिन थांबलं की टॅपेट स्प्रिंगच्या जोराने कॅमवर दाबलेला राहतो, मधलं तेल पिळून निघतं, ओल राहते. पाच वर्षं तसाच. उभी करायचीच असेल तर आधी पूर्ण तापवून, ताजं तेल भरून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून ठेवायची, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. आणि मग खरोखर हात लावायचा नाही.

आता तुमच्या गाडीबद्दल. मी तिचा आवाज ऐकलेला नाही, त्यामुळे तुमचा बिग एन्ड ठीकच आहे असं मी म्हणत नाही. डुगला दोन ठोके असतील आणि जोर दिला की वाढत असतील तर गाडी चालवूच नका. सिलिंडर वर उचलून रॉड हाताने सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा डुलणं चालतं, वर-खाली अजिबात नाही. त्यासाठीही क्रँककेस फोडावा लागत नाही. दुसरं, रॉकरचा (हेडमध्ये व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) पाइप सैल करून तेल येतंय हे बघून निश्चिंत होऊ नका. या इंजिनात रॉकरला तेल रिटर्न पंपाकडून मिळतं आणि बिग एन्डला फीड पंपाकडून, दोन्ही वेगळे. आणि जुनं पेट्रोल बदललं नसेल तर आधी ते बदला, जोर दिल्यावरची किणकिण कधी कधी त्याचीच असते. स्क्रूड्रायव्हर लावताना ओढणी, सैल बाही चेनपासून लांब ठेवा.

दादाच्या बाजूने एक कबूल करते. आमचा पिस्टन सिलिंडरला चिकटला नव्हता आणि त्याचं श्रेय त्याच्या रविवारांना थोडं असेलही. पण त्यासाठी प्लग काढून, महिन्यातून एकदा किकने दोन फेरे फिरवले असते तरी पुरलं असतं. पेट्रोल जाळायची गरज नव्हती.

तो जुना टॅपेट मी जपून ठेवलाय. दादा आला की दाखवते. तो म्हणतो, खड्डे आधीपासून असतील. आधीपासून म्हणजे कधीपासून? अण्णा होते तोवर ती गाडी सलग आठ दिवस कधी उभी राहिली नव्हती, आणि शेवटचे टॅपेट मीच सेट केले होते.