संकर झाला असं म्हणण्याआधी

केल्प म्हणजे मोठं तपकिरी समुद्री शेवाळ. त्याच्या दोन जवळच्या जातींचा संकर करून पाहणार असाल, तर एक बशी फक्त मादी गॅमेटोफाइटची (अंडी किंवा शुक्राणू तयार करणाऱ्या सूक्ष्म अवस्थेची) ठेवाच. तिच्यात नर अजिबात नको. केल्पची अंडी फलन न होताही कधीकधी वाढू लागतात आणि सुरुवातीला ती रोपं हुबेहूब संकरासारखी दिसतात. पुढे त्यातली बरीच वेडीवाकडी होतात, पण तोवर आपण हुरळून गेलेलो असतो. माझा एक अख्खा महिना असाच गेला, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

शुक्राणू अंड्याभोवती जमले म्हणजे जाती जुळल्या, असंही धरू नका. अंड्यातून सुटणारं लॅमॉक्सिरीन हे शुक्राणूंना ओढणारं रसायन केल्पच्या अनेक जातींत एकच असतं, त्यामुळे परके शुक्राणूही ओढले जातात. खरा अडसर बहुधा पुढे असतो: फलनात, रोपाच्या वाढीत किंवा संकराच्या बीजाणूंत.

हंगामही फसवतो. लॅमिनारिया हायपरबोरिया ही केल्पची जात हिवाळ्यात बीजाणू सोडते, तिच्या जवळची लॅमिनारिया डिजिटाटा मुख्यतः उन्हाळ्यापासून शरदापर्यंत. पण सूक्ष्म गॅमेटोफाइट महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे हंगाम वेगळे म्हणून संकर अशक्य असं धरू नका.

नर-मादी लाल प्रकाशात वेगवेगळे वाढवा. निळा प्रकाश मिळाला की ते प्रजननाला लागतात. शेवटी केंद्रकातला डीएनए तपासा, दोन्ही पालकांच्या खुणा सापडायला हव्यात.