वाचकांचे प्रश्न : रणगाड्यांच्या मॉडेलवरील गंज, टवके आणि धूळ

प्रश्न : मी १/३५ प्रमाणातील एम११३ या चिलखती वाहनाचे मॉडेल रंगवले. कडांवर रंगाचे टवके उडालेले दाखवले आणि त्यांतून खाली गंजाचे ओघळ काढले. काम स्वच्छ झाले आहे, तरीही ते खरे वाटत नाही. काय चुकले असेल?

उत्तर : आपण छायाचित्रासह पाठवलेले काम हाताच्या सफाईच्या दृष्टीने उत्तम आहे, अडचण धातूची आहे. एम११३ चे कवच पोलादाचे नसून अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, आणि अ‍ॅल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही. रंग उडाला की खाली दिसतो तो एक मंद, राखाडी झाक असलेला धातू, आणि त्यातून गंजाचा ओघळ खाली येण्याचे काही कारणच उरत नाही. याच वाहनाचे ट्रॅक (चाकांभोवती फिरणारे साखळीपट्टे), सायलेन्सरचा भाग, काही बोल्ट आणि ओढकामाच्या कड्या मात्र पोलादी असतात. तेथे थोडा गंज दाखवला तर तो शोभतोच, शिवाय शेजारच्या न गंजलेल्या कवचामुळे तो अधिक उठून दिसतो. मॉडेलवर कोणताही डाग काढण्यापूर्वी तो कशामुळे पडला असेल, हे स्वतःला विचारावे, असा माझा आग्रह आहे. ज्या डागाला उत्तर नाही, तो कितीही सुबक असला तरी काढू नये.

दुसरी गोष्ट टवक्यांच्या आकाराची. १/३५ प्रमाणात मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या वाहनावरचा साडेतीन सेंटिमीटरचा टवका होतो. आपल्या छायाचित्रातील काही टवके मोजून तीन मिलिमीटरचे दिसतात, म्हणजे प्रत्यक्षात दहा सेंटिमीटरहून मोठे. असे टवके उडू शकतात, पण ते प्रत्येक कडेवर सारख्या अंतराने उडत नाहीत. सैनिकांचे बूट जेथे पडतात तो झाकणाभोवतीचा भाग, मागच्या उताराच्या फळीची कड आणि सामान बांधण्याच्या जागा येथे ते दाट असावेत. कवचाच्या उभ्या, मोकळ्या बाजूंवर अगदी तुरळक. स्पंजाचा लहान तुकडा चिमट्यात धरून रंगात बुडवावा, बहुतेक सगळा रंग कागदावर टिपून टाकावा आणि मग कडेला हलकेच टेकवावा. आधी मूळ रंगाचीच किंचित फिकी छटा वापरावी, कारण बहुतेक ओरखडे धातूपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यानंतर बारीक कुंचल्याने त्यांतील मोजक्याच ओरखड्यांच्या मध्यभागी धातूचा रंग भरावा आणि फिक्या छटेची कड भोवती राहू द्यावी. त्या कडेमुळे टवक्याला खोली येते.

प्रश्न : मॉडेलवर गडद तपकिरी वॉश (फटींत मुरणारा अगदी पातळ रंग) दिला, तेव्हा खालचा रंग काही ठिकाणी विरघळला आणि चाकांचे दोन दांडे चक्क तडकले. वॉश खराब होता का?

उत्तर : वॉश खराब असण्याची शक्यता कमी आहे. येथे दोन वेगवेगळ्या घटना एकाच वेळी घडल्या आहेत. आपण मूळ रंग एनॅमलचा (व्हाइट स्पिरिट या द्रावकात पातळ होणाऱ्या रंगाचा) दिला होता असे लिहिता, आणि वॉशही एनॅमलचाच होता. दोन्ही एकाच द्रावकात विरघळतात, त्यामुळे व्हाइट स्पिरिटने भिजलेला कुंचला फिरताच खालचा थर सुटू लागला. थरांचा क्रम असा असावा की वरच्या थराचा द्रावक खालच्या थराला धक्का लावणार नाही. लॅकर (तीव्र थिनरने पातळ होणारा रंग) किंवा अ‍ॅक्रिलिक (पाण्याने पातळ होणारा रंग) खाली, त्यावर अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचे संरक्षण आणि त्यावर एनॅमल किंवा तैलरंगाचा वॉश, हा क्रम सुरक्षित आहे. लॅकर मात्र शेवटी कधीही मारू नये, कारण त्याचा थिनर जवळजवळ सगळ्याच थरांना खातो.

दांडे तडकण्याचे कारण प्लॅस्टिकमधील ताणात आहे. एखादा भाग वाकवून किंवा जोर लावून बसवलेला असेल, तर तेथे पॉलिस्टायरिन (मॉडेलचे प्लॅस्टिक) ताणलेल्या स्थितीत राहते, आणि अशा जागी द्रावक झिरपून साचला की ते ठिसूळ होते. म्हणून असे भाग सैल बसतील इतपत कानशीने घासून घ्यावेत, प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) सगळीकडून द्यावा (दिसत नाही म्हणून आतली बाजू कोरडी सोडू नये) आणि वॉश भरभरून ओतू नये. वॉश सर्व पृष्ठभागावर फासण्याची गरजच नसते. तकतकीत किंवा अर्धतकतकीत व्हार्निशवर बारीक कुंचल्याचे टोक वेल्डिंगच्या रेघेला किंवा बोल्टच्या डोक्याला नुसते टेकवले, की केशाकर्षणाने द्रव आपोआप फटीत धावतो. अजिबात चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर तो जागच्या जागी पसरून डाग पाडतो. तैलरंग वापरणार असाल तर तो आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून ठेवावा. पुठ्ठा त्यातील जवसाचे तेल शोषून घेतो, त्यामुळे रंग लवकर वाळतो आणि वाळल्यावर चमकत नाही.

प्रश्न : हेअरस्प्रे वापरून टवके काढताना वरचा रंग एकतर सालपटासारखा निघतो किंवा हलतच नाही.

उत्तर : हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो, आणि ही सगळी पद्धत त्या एकाच गुणावर उभी आहे. खाली गंजाचा रंग, त्यावर व्हार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ थर आणि ते वाळल्यावर अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर, अशी रचना करावी. सालपटे निघतात तेव्हा बहुधा हेअरस्प्रेचा थर जाड असतो किंवा पाणी जास्त वेळ मुरू दिलेले असते. रंग हलत नसेल तर तो लॅकर थिनरने पातळ केला आहे का ते पाहावे. तसा रंग हेअरस्प्रेच्या थरात रुतून घट्ट बसतो. रंगवल्यानंतर काही तासांतच काम सुरू करावे, एका वेळी तळहाताहून लहान भाग ओला करावा आणि आखूड केसांच्या ताठ कुंचल्याने कडेकडून घासावे. हिवाळी पांढऱ्या रंगाच्या वाहनांसाठी मला ही पद्धत सर्वांत अनुरूप वाटते. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांवर दिला जाणारा तो पांढरा रंग तात्पुरता असे आणि हवामानाने व वापराने तो खरोखरच असा झिजून निघत असे.

प्रश्न : डेकलभोवती (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हाभोवती) चंदेरी चकाकी दिसते.

उत्तर : खरबरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकली की असे होते. त्या जागी आधी तकतकीत व्हार्निश द्यावे, डेकल मऊ करणारे द्रावण वापरावे आणि फुगवटा राहिलाच तर सुईच्या टोकाने टोचून तेच द्रावण पुन्हा लावावे.

प्रश्न : जर्मन रणगाड्यांच्या तिरंगी रंगसंगतीच्या छटा प्रत्येक संदर्भात वेगळ्या दिसतात. बरोबर कोणती मानावी?

उत्तर : फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद राखाडीच्या जागी गडद पिवळा हा मूळ रंग ठरला. त्यावरचे हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे रंगवण्यासाठी तुकड्यांना घट्ट लगद्याच्या रूपात रंग मिळत असे. तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून फवाऱ्याने, आणि फवारा नसेल तर कुंचल्याने, दिला जाई. रंग किती पातळ केला आणि कोणी कसा मारला, यावर छटा ठरत असल्यामुळे एकाच तुकडीतील दोन रणगाडेसुद्धा हुबेहूब सारखे नसत. तेव्हा एकच अचूक छटा शोधत बसण्यापेक्षा आपण निवडलेल्या वाहनाचे छायाचित्र पाहावे आणि पट्ट्यांच्या कडा विरळ आहेत की ठळक, हे नीट टिपावे. मूळ रंगात थोडा फिका रंग मिसळण्यास मात्र संकोच करू नये. लहान आकारावर तोच रंग खऱ्या वाहनापेक्षा गडद भासतो, आणि पुढे येणारे वॉश त्याला आणखी काळवंडतात.

प्रश्न : ट्रॅकना सगळीकडे गंजाचा रंग देऊन वर चंदेरी ड्रायब्रश केला (जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर रंग घासला), पण ते खेळण्यातले वाटतात. चिखल आणि धूळ कोणत्या क्रमाने द्यावी?

उत्तर : चालत्या रणगाड्याचा ट्रॅक जेथे घासला जातो तेथेच चमकतो. जमिनीला टेकणारी बाहेरची कड, चाके ज्यावरून फिरतात तो आतला पट्टा आणि मार्गदर्शक दातांच्या बाजू, एवढ्याच त्या जागा. बाकीचा भाग धुळीने माखलेला, मंद तपकिरी असतो. ट्रॅकवर रबरी ठोकळे असतील तर त्यांना चंदेरी रंग लावूच नये. ते गडद राखाडीच राहतात. चमकीसाठी धातूच्या रंगापेक्षा मऊ शिसपेन्सिल चांगली. ती उंचवट्यांवरून आडवी फिरवली की ग्राफाइट नेमके घासल्या जाणाऱ्या कडेवरच बसते.

क्रमाचे म्हणाल तर टवके, वॉश आणि ओघळ आधी, मग धूळ आणि सर्वांत शेवटी चिखल, कारण खऱ्या वाहनावरही चिखल या सगळ्याच्या वर येऊन बसतो. धूळ आडव्या पृष्ठभागांच्या कोपऱ्यांत साचते आणि माणसांच्या वावराच्या जागी पुसली जाते, म्हणून झाकणाभोवती ती विरळ ठेवावी. चिखल किमान दोन छटांत द्यावा. जुना वाळलेला चिखल फिका आणि पसरट असतो. ताजा चिखल गडद असतो आणि चाकांच्या जवळच राहतो. धूळ व चिखलासाठीची पिगमेंटची (कोरड्या रंगाची) पूड हाताळताना तोंडावर मास्क असावा, आणि चकाकी घालवणारे व्हार्निश ही पूड लावण्याच्या आधीच मारून घ्यावे. नंतर मारल्यास पूड गडद होते आणि धुळीचा बराचसा परिणाम नाहीसा होतो. पूड पक्की करण्यासाठी पिगमेंटचेच फिक्सर कुंचल्याच्या टोकाने कडेला सोडावे आणि ते आपोआप पसरू द्यावे. ओल्या पुडीवरून कुंचला फिरवू नये.