ओंकारेश्वरचे सूर्योदय-सूर्यास्ताचे फोटो: इंदूरहून केव्हा जावं, कुठे उभं राहावं?

डिसेंबर-जानेवारीत जा आणि सकाळी ममलेश्वरच्या बाजूच्या, म्हणजे दक्षिण काठाच्या घाटावर उभे राहा. सूर्यास्तासाठी बेटाकडे जाणाऱ्या पुलावर या. कारण सोपं आहे: ओंकारेश्वरचं मंदिर आणि नर्मदेतल्या मांधाता बेटावरची वस्ती बेटाच्या दक्षिणेकडच्या उतारावर आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे कोवळं ऊन तिरपं थेट शिखरावर आणि पायऱ्यांवर पडतं. मे-जूनमध्ये तो ईशान्येला सरकतो, मग हाच उतार सकाळी सावलीत राहतो आणि फोटो मरगळलेले येतात. मी दोन्ही ऋतूंत काढून पाहिलेत, फरक फार मोठा आहे.

नर्मदा इथे साधारण पश्चिमेला वाहते, म्हणून संध्याकाळी पुलावरून प्रवाहाच्या दिशेनं कॅमेरा धरा. एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) आकाशावरून ठरवा. नावा काळ्या आकृत्या म्हणूनच सुंदर दिसतात. माणसांच्या वर्दळीनं पूल थरथरतो, तिथे ट्रायपॉडचा उपयोग नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा. सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. पुढची वीस मिनिटं, निळं आकाश आणि घाटावरचे दिवे, मला तर सूर्यास्ताहून जास्त आवडतात.

इंदूरहून अंतर सुमारे ८० किलोमीटर, रस्ता घाटाचा. पहाटे धावपळ करण्यापेक्षा आदल्या रात्री मुक्कामाला जा.

एक मात्र सांभाळा: वरच्या अंगाला धरण आहे. पाणी सोडलं की पातळी झपाट्यानं चढते, तेव्हा पाण्यातल्या खडकांवर किंवा शेवटच्या पायरीवर ट्रायपॉड लावू नका.