कारखाना पद्धतीमुळे वस्तूंच्या उत्पादनात नेमका काय बदल झाला?

बहुतेक जण याचं उत्तर 'यंत्रं आली' असं देतात. माझ्या मते खरा बदल काम कुठे आणि कुणाच्या ताब्यात, यात झाला.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये व्यापारी कापूस घरोघरी पोचवायचा. बायका-मुलं सूत कातत, पुरुष मागावर विणत. चरखा घरचा, वेळही आपली. शेतीची कामं निघाली की विणकाम मागे पडायचं. त्यामुळे माल कधी मिळेल आणि कसा निघेल, याचा व्यापाऱ्याला भरवसा नसे.

रिचर्ड आर्कराइट या उद्योजकाने 1771 मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारायला घेतली. त्याचं यंत्र पाणचक्कीवर चालणारं, घरात मावणारं नव्हतंच. मग माणसांनाच यंत्राकडे यावं लागलं. एका कामाचे तुकडे झाले: कुणी कापूस पिंजायचा, कुणी तुटलेला धागा जोडायचा. सूत एकसारखं, भरपूर आणि स्वस्त निघू लागलं. पुढे वाफेचं इंजिन आल्यावर गिरण्यांना नदीकाठची गरज उरली नाही, त्या शहरांत वाढल्या.

याची किंमत कामगारांनी मोजली, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. घंटेवर हजेरी, उशिराला दंड, लहान मुलांकडून दिवसभर काम. ब्रिटनमध्ये 1833 च्या कायद्याने रेशीम वगळता इतर कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली आणि तपासणीसाठी निरीक्षक नेमले.